यमद्वितीया आणि हक्कसोडपत्र

दिवाळी अंकात मरणाचा विषय काढू नये, असा एक शिष्टसंकेत आहे. अंक फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचायचा असतो, तेव्हा त्यात चार कथा, दोन प्रवासवर्णने, एखादा विनोदी लेख आणि शेवटी राशिभविष्य असले की वाचकही खूष आणि संपादकही सुखी. मला हा संकेत मान्य नाही. ज्या सणात धनत्रयोदशीला यमाच्या नावाने दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवतात आणि ज्याचा शेवटचा दिवसच यमद्वितीया म्हणून ओळखला जातो, त्या सणाने मरणाला उंबऱ्याबाहेर ठेवलेले नाही. आपणच ते रांगोळीखाली झाकून ठेवतो.

यमद्वितीयेची कथा सर्वांना ठाऊक आहे. यम कामाच्या रगाड्यात बहिणीकडे जायचे टाळीत होता. यमुना बोलावून थकली. अखेर कार्तिक शुद्ध द्वितीयेला तो तिच्या दारी गेला, तिने त्याला न्हाऊ घातले, जेवू घातले, ओवाळले. आणि त्याने ओवाळणी घातली. कुणाला कधी न्यायचे याची वही ज्याच्यापाशी, त्यालाही बहिणीकडे जायला उशीरच झाला होता. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. जेवायला येताना यमाने खिशातून हक्कसोडपत्र काढून यमुनेची सही मागितल्याचे मी कोणत्याही पुराणात ऐकलेले नाही.

आजचा माझा वाद या सहीविषयी आहे. आणि त्याहून अधिक, ती सही मिळवण्यासाठी मरणाचे नाव पुढे करणाऱ्या शहाण्या माणसांविषयी आहे.

मी कल्याणला बालवाडीत शिकवते. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. हा शब्द आता कुणी वापरीत नाही, पण आमच्या आईच्या लेखी दहावी म्हणजे अजून मॅट्रिकच. चार कादंबऱ्या छापून आल्या आहेत, त्यामुळे शेजारीपाजारी मला 'लेखिकाबाई' म्हणतात, आणि कायद्याच्या गोष्टीत तोंड घातले की 'बालवाडीच्या बाई' म्हणतात. तरी जे मला ठाऊक आहे ते सांगते, कारण ते मला फार महाग पडले आहे.

आईचे माहेर मुरबाडकडचे. आजोबा गेल्यावर जमिनीच्या सातबाऱ्यावर मामाचे नाव लागायचे होते. आईने विचारल्याबरोबर सही केली. मावशीने केली नाही. ती म्हणाली, "मला निम्मे नको, पण माझे नाव राहू दे." एवढे एकच वाक्य. २००२ साल होते. मामा तिच्याशी बोलायचा बंद झाला, हे समजण्यासारखे होते. परंतु माझी आईही बोलायची बंद झाली. तिला वाटले, हिने सही न करून माझ्या सहीची किंमत कमी केली. मी चांगली बहीण ठरले ती हिच्यामुळे मूर्ख ठरले. अर्थात हे आईने कधी बोलून दाखवले नाही. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला अशा गोष्टी ऐकाव्या लागत नाहीत.

मावशी पारनाक्याला राहत होती, आम्ही डोंबिवलीला. मध्ये एकटे ठाकुर्ली स्टेशन. दहा मिनिटांचा प्रवास एकोणीस वर्षांत कुणी केला नाही. लग्नात दोघी एकाच मांडवात वावरत. एक पंगतीला बसली की दुसरी उठे. आणि नातेवाईक? नातेवाईक दोघींच्या मध्ये बसून जेवत आणि घरी जाताना म्हणत, "मिटेल हो, काळ हेच औषध."

एप्रिल २०२१ मध्ये मावशी गेली. करोनाची दुसरी लाट होती. सोमवारी तिला इस्पितळात नेले आणि शुक्रवारी निरोप आला. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, पण मावशीच्या वेळी पाचही नव्हती. चेहरा कुणाला दिसला नाही. आईने त्या रात्री जेवण केले, भांडी घासली, ओटा पुसला, आणि मग पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मी तिथे होते. तिसऱ्या वेळी मी तिच्या हातातले फडके काढून घेतले.

काळ औषध असेल, पण ते कुणाला लागू पडते? जो मागे उरतो त्याला. जो गेला त्याच्या बाबतीत काळ हा रोगच होता.

इथपर्यंत माझ्याशी कुणाचे भांडण होणार नाही. मरण अवचित येते, तेव्हा रागलोभ वेळीच मिटवावेत, या वाक्याला सगळे मान डोलवतात. कीर्तनकार हेच सांगतात, व्हॉट्सॲपवर रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्राखाली हेच येते. माझे भांडण पुढच्या पावलाशी आहे. कारण मावशीच्या तेराव्या दिवशी आई मला म्हणाली, "तू आता दादाच्या कागदावर सही करून टाक. नाहीतर तूही तशीच जाशील."

दादाचा कागद म्हणजे काय ते सांगायला हवे. वडील २०१३ साली मृत्युपत्र न करता गेले. डोंबिवली पूर्वेला त्यांची दोन खोल्यांची जागा, त्यांनी स्वत:च्या पगारातून घेतलेली. २०१७ साली इमारत पाडून नवी बांधण्याचे घाटू लागले. दादा टाइप केलेले हक्कसोडपत्र घेऊन आला. माझे नाव, वय, 'राजीखुशीने व कोणत्याही दडपणाशिवाय' वगैरे सारे लिहून तयार होते. फक्त सहीची जागा मोकळी. मला पैसे नको होते असे मी म्हणणार नाही; भाड्याच्या घरात राहणाऱ्या बालवाडीच्या बाईला पैसे नको असतात हे खोटे आहे. पण त्याने आधी विचारले असते तर मी काय केले असते, हे मला आजही ठाऊक नाही. त्याने विचारलेच नाही. मी म्हणाले, "दादा, हे मी वाचते आणि मग सांगते." तो म्हणाला, "वाचायचंय काय त्यात?" आणि आठ वर्षे आम्ही बोललो नाही.

कायद्याने मुलीचा हक्क किती जुना आहे हे आपल्या सुशिक्षित समाजाला ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून सोयीने विसरते. बापाने मृत्युपत्र न करता मागे ठेवलेल्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबर वाटा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने दिला. वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्मत:च सहहिस्सेदार करणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, मात्र तोवर लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राने ती २००५ साली सर्वांसाठी केली. आणि २००५ पूर्वी बाप वारला असला तरी मुलीचा हक्क बुडत नाही, हा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी केला. म्हणजे माझ्या साध्या प्रकरणाचा निकाल मी जन्मण्यापूर्वीच लागलेला होता. कायदा दिल्लीहून निघून डोंबिवली स्टेशनपर्यंत येतो. तिथून बापाच्या घरापर्यंत मात्र त्याला रिक्षा मिळत नाही.

आता पाहा, 'वेळीच मिटवा' हा उपदेश कुणाला केला जातो? भावाला केलेला मी ऐकला नाही. कुणी दादाकडे जाऊन म्हणाले नाही की, बाबा, जीवनाचा भरवसा नाही, बहिणीचा वाटा देऊन टाक. म्हणाले ते मला. ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला मरण आठवत नाही आणि जो दाराबाहेर उभा आहे त्याला ते रोज आठवून दिले जाते. मृत्यूपुढे सगळे समान असतात म्हणतात. मृत्यूच्या भीतीपुढे मात्र समान नसतात, तिथे थोरली धाकटी असते, सून सासू असते, कूळ मालक असते. आणि वाकायचे कुणी हे आधीच ठरलेले असते. क्षमा ही मोठी गोष्ट आहे. पण जी क्षमा नेहमी एकाच बाजूने मागितली जाते तिला आमच्या व्यवहारात वसुली म्हणतात.

माझ्या मावशीच्या मरणाचा हा दुसरा अपमान होता. ती जिवंत असताना तिच्या वाक्याला कुणी उत्तर दिले नाही. ती गेल्यावर तिचेच मरण माझ्याकडून सही काढण्यासाठी वापरायला निघाले. आईला मी दोष देत नाही. तिने आयुष्यभर एकच तोडगा पाहिला होता, तोच तिने मला सांगितला.

पण मी स्वत:लाही सोडणार नाही. हक्क माझ्या बाजूला होता, हे खरे. म्हणून अबोला माझ्या बाजूला होता असे नव्हे. या दोन गोष्टींची मी आठ वर्षे गल्लत केली. वहिनींचे ऑपरेशन झाले, मी गेले नाही. भाचा बारावीला चांगल्या गुणांनी पास झाला, मी आईकडून पेढा घेतला आणि तो पिशवीत ठेवून विसरले. आईला भेटायला जायचे ते दादा कामावर गेल्यावर, आणि त्याच्या गाडीच्या वेळेआधी निघून यायचे. डोंबिवलीच्या पुलावर तो समोरून दिसला तर मी कठड्याशी उभी राहून मोबाईलमध्ये डोके घालीत असे. हे सारे मी तत्त्वासाठी करते आहे अशी माझी समजूत होती. खरे सांगायचे तर मला त्या रागाची सवय झाली होती. अन्याय झालेल्या माणसाला आपला अन्याय फार जपून ठेवावासा वाटतो. त्यावर धूळ बसू नये म्हणून तो रोज पुसतो. माझ्या एका कादंबरीतल्या भावाला मी दादाचा चष्मासुद्धा दिला होता. टीकाकारांनी व्यक्तिरेखा जिवंत आहे म्हणून तारीफ केली.

बालवाडीत मुलांची कट्टी होते आणि डबा खायच्या सुट्टीपर्यंत बट्टी होते. हे पाहून 'लहान मुलांकडून शिका' असे भाषण पालकसभेत दरवर्षी कुणीतरी करते. मला ते पटत नाही. मुलांचे भांडण निळ्या खडूवरून असते आणि कपाटात निळे खडू आणखी असतात. डोंबिवलीत दोन खोल्या आणखी नसतात.

असो. ९ जून २०२५, सोमवार. शाळा उघडायला आठवडा होता, म्हणून मी घरीच. सकाळी दहाच्या सुमारास शेजारच्या बाईंनी दार वाजवून सांगितले की मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसे पडली आहेत. दिवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये, वळणावर, दोन भरलेल्या गाड्या एकमेकींना ओलांडून जाताना दारात लोंबकळणारे प्रवासी रुळांवर फेकले गेले. चार जण त्या दिवशी गेले. त्यांत लोहमार्ग पोलिसांतला एक शिपाईही होता. एक गाडी मुंबईकडे निघालेली होती. दादा त्याच वेळच्या सुमाराला डोंबिवलीहून चढतो, आणि डोंबिवलीला चढलेल्या माणसाला दारापलीकडे जागा मिळत नाही, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

मी फोन उचलला आणि माझ्या लक्षात आले की दादाचा नंबर माझ्याकडे नाही. रागाच्या भरात मी तो पुसून टाकला होता. आईला फोन लावला तर ती उचलेना. वहिनींचा लागेना. ती वीस मिनिटे मी पुन्हा लिहून दाखवणार नाही. एवढेच सांगते की त्या वीस मिनिटांत मला खोली आठवली नाही, कागद आठवला नाही, आणि क्षमासुद्धा आठवली नाही. मला आठवला तो त्या पुलाचा कठडा. हा माणूस समोरून येत होता आणि मी मोबाईलमध्ये पाहत होते, एवढे एकच चित्र.

अखेर आईने नंबर दिला. दादाने उचलला, "कोण?" म्हणाला. मी माझे नाव सांगितले. मागे पंख्याचा आवाज येत होता. तो त्या दिवशी तापाने घरीच होता. आई दुसऱ्या खोलीत असून तिला फोन ऐकू आला नव्हता, इतकेच. मी म्हणाले, "काही नाही, सहज." तो म्हणाला, "बरं." मग बराच वेळ पंखाच ऐकू आला. मग तो म्हणाला, "मीही परवा लावणार होतो." ते खरे होते की नाही मी विचारले नाही. अजून विचारलेले नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो बरोबर आहे. मुंब्र्याला जे झाले त्याला 'अवचित मरण' म्हणून त्यावर नात्यागोत्याचे प्रवचन करणे म्हणजे ज्यांची जबाबदारी आहे त्यांना मोकळे सोडणे होय. मीही तेच म्हणते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांत वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरत आली आहेत. जे वर्षाला दोन हजार वेळा होते त्याला अवचित म्हणण्यात काय अर्थ आहे? दुर्घटनेनंतर लगेच, नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवू असे रेल्वेने सांगितले. म्हणजे उपाय माहीत होता. याच ठाण्यापर्यंत १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. दार लावायचा विचार करायला वेळ कमी पडला असे कुणी म्हणू नये. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ च्या मे महिन्यात स्फोट झाला आणि २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा झाला. ठाकुर्लीची इमारत २०१५ च्या जुलैत रात्री कोसळली. यांतले एकही मरण यमाने एकट्याने आणलेले नाही. दैवाचे नाव घेऊन बॉयलरवाल्याला सोडणे आणि मरणाचे नाव घेऊन भावाला सोडणे, ही माझ्या मते एकाच जातीची लबाडी आहे. दोन्हींत हिशेब मागणाऱ्यालाच म्हणतात, जाऊ दे, आयुष्य क्षणभंगुर आहे.

खऱ्या अर्थाने अवचित म्हणावे असेही या शहराने पाहिले. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला सहलीला गेलेले डोंबिवलीचे तिघे मारले गेले. दुसऱ्या दिवशी भागशाळा मैदानात जी गर्दी लोटली तीत मी होते. दु:ख खोटे नव्हते. पण परतताना नाक्यावर पुढाऱ्यांचे फोटो घेऊन फलक उभे राहिलेले पाहिले आणि वाटले, आपण मेलेल्या माणसाशी किती चटकन बोलू लागतो! 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे दोन शब्द आपल्याकडे ज्या सढळपणे खर्च होतात, त्याच्या चौथ्या हिश्शाने जिवंत माणसाला 'कसा आहेस' विचारले जात नाही. दहाव्याला कावळा शिवेना म्हणून लोक तासभर उन्हात ताटकळतात, मनातल्या मनात कबुल्या देतात, अमुक करू, तमुक करू. त्यातली निम्मी कबुली महिनाभर आधी चहा पिताना दिली असती तर? कावळ्यापुढे हात जोडणारा मामा मी पाहिला आहे. मावशीच्या नावासाठी त्याने सातबाऱ्यावर एक ओळ सोडली नव्हती.

मग मी सही केली का? नाही.

हे ऐकून माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांची निराशा होते. त्यांना गोष्टीचा शेवट ठाऊक असतो: बहीण रडते, कागदावर सही करते, भाऊ तिला साडी घेतो. मला ती गोष्ट लिहिता येईल, खपेलही. पण ती खोटी होईल. त्या फोननंतर आठवड्याने मी दिवसाउजेडी, दादा घरी असताना, डोंबिवलीला गेले. वहिनींनी पोहे केले. मी म्हणाले, "वहिनी, तुमच्या ऑपरेशनला मी यायला हवं होतं, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "चुकलंच तुमचं." मला बरे वाटले, कुणीतरी खरे बोलले. मग दादाने कागदाचा विषय काढला, आणि मी म्हणाले, "सही मी करणार नाही. नवी जागा झाली की माझा वाटा काय, ते बसून ठरवू. तू जास्त सांगशील, मी कमी मानीन, भांडू." तो चिडला. चांगला चिडला. "म्हणजे तू एवढ्यासाठी फोन केलास?" म्हणाला. मी म्हणाले, "नाही. फोन तू जिवंत आहेस का ते बघायला केला. हे वेगळं."

हे वेगळे आहे, एवढेच मला साऱ्या शहाण्यांना सांगायचे आहे. बोलणे सुरू होण्यासाठी भांडण मिटावे लागत नाही. आपण उगीच अट घालून ठेवली आहे की आधी तंटा संपू दे, मग तोंड उघडू. आणि तंटे तर कोर्टातही वीस वीस वर्षे संपत नाहीत. मावशीचे आणि आईचे भांडण न मिटताही त्या दोघी ठाकुर्ली ओलांडून एकमेकींकडे जाऊ शकल्या असत्या, लोणच्याच्या बरणीसकट, सातबाऱ्यावरून कचाकचा भांडल्या असत्या आणि संध्याकाळच्या गाडीने परतल्या असत्या. शुक्रवारी निरोप आला तेव्हा आईला ओटा एकदाच पुसावा लागला असता.

काही घरे अशी असतात की तिथे परत जाऊच नये. जिथे हात उगारला गेला, जिथे मुलीच्या अंगाला विटाळलेले हात लागले, तिथल्या माणसाशी मरणाच्या भयाने गोड बोलायला जा असे जो सांगेल त्याला मी माझ्या दारात उभे करणार नाही. तिथे अबोला हेच शहाणपण. माझे बोलणे आहे ते साध्या, खोल्यांच्या आणि मानपानाच्या भांडणांविषयी. आणि आपल्याकडची बहुतेक भांडणे तीच असतात.

९ ऑगस्टला, राखीपौर्णिमेला, दादा कल्याणला आला. आठ वर्षांनी. नारळीभात खाल्ला, साखर कमी आहे म्हणाला, आणि हात पुसताना पुन्हा विचारले, "मग काय ठरवलंस?" मी म्हणाले, "तेच." तो म्हणाला, "वकिलाला विचारतो." मी म्हणाले, "विचार. मीही विचारते." त्याला स्टेशनपर्यंत सोडायला मी गेले. गाडीला गर्दी होती. मी म्हणाले ही सोड, दुसरी येईल. त्याने ती सोडली, आणि दुसरीही सोडली.

भाऊबीजेला तो येणार आहे. आईलाही आणणार आहे, रिक्षाने, तिला पूल चढवत नाही. तिने निरोप पाठवला आहे की कपाटात मावशीचा एखादा फोटो असला तर काढून ठेव. एक सापडला आहे, दोघी त्यात अठरा-वीस वर्षांच्या आहेत, काळ्या तलावाच्या काठावर. त्याला चौकट करायला टाकली आहे. दादाचे गुडघे धरलेत, तेव्हा पाटाऐवजी खुर्ची मांडावी लागेल.